खाचा

नरकासुर जाळून उरलेले बांबू आडवे टाकून
त्यांवर उपडी घातली आहे तिला,
चोडणच्या फेरीधक्क्यापासून हाकेच्या अंतरावर,
आमच्या सुरंगीखाली.
अकरा फूट, एक शीड, वय पंचेचाळीस,
निदान एर्मेलिंदाबाई तसं म्हणतात,
आणि विकताना त्या खोटं बोलल्या नाहीत.
"उदक घेता," म्हणाल्या.
किती?
"पांय भिजतात तितलें."

गुणो मेस्त आला, चपला काढल्या
(देवळासारख्या नव्हे, चिखलात अडकतात म्हणून)
आणि लाकडी हातोडीनं ठोकत निघाला
नाळेपासून सुकाणूपर्यंत,
पर्रेचं कलिंगड निवडावं तसा.
ठक. ठक. ठक.
कान तिरका, विडी विझलेली.
डाव्या कुशीत एकदम: भद.
तिथं खडूची फुली.

सतरा फुल्या झाल्या.
दोन ठिकाणी सुरीचं टोक
पिकल्या गऱ्यात जावं तसं आत गेलं.
मी चुकचुकलो.
तो म्हणाला, मोजपट्टी आण.

दुसऱ्या दिवशी सुलटी केली
आणि तिला नदीत घालायच्या ऐवजी
नदीच तिच्यात घातली: अठ्ठावीस बादल्या.
खाली उकिडवे बसून आम्ही बघत राहिलो
पाणी कुठून बाहेर येतं.
सेंटरबोर्डच्या पेटीच्या सांध्यातून एक धार,
बाकी थेंब. प्रत्येक थेंबाशी पेन्सिलीची खूण.
शेजारचा पोर विचारून गेला,
आत मासे सोडणार काय.

मग रंग खरवडला.
निळा, त्याखाली पांढरा,
त्याखाली फेरीबोटीला लावतात तो राखाडी
(आल्बानोनं कुठून आणला होता
आता कुणी विचारू नये).
आणि त्याखाली स्क्रू. पितळी. दोनशेच्या वर.
सगळ्यांच्या खाचा एका रेषेत,
जणू त्यांच्यावरून एकच वारा
एकाच दिशेनं वाहून गेला.
कुणाला दिसणार नव्हत्या.
वर तीन थर चढायचे होते. तरी.

उजव्या कुशीला, मागून पाचव्या फासळीशी
रेष मोडते.
एक खाच तिरपी. पुढची आडवी. मग कशाही.
मला वाटलं, हात दुसरा. रोजावरचा सुतार.
किंवा फेणी. किंवा पैसे संपले.

एर्मेलिंदाबाई सुकी सुंगटं निवडत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
"त्या वर्सा ताची दिश्ट गेली.
मागीर बोटांनीच पळयतालो."
आणि मूठभर सुंगटं बाजूला सारल्यावर,
काळोख पडला की तरी दिवा पेटवायचा म्हणे,
कामाला बसण्याआधी.

गुणोनं स्क्रू काढायला घेतले.
रेषेतले निम्मे अर्ध्या वेढ्यात सुटले.
खाच सरळ झाली की आल्बानो थांबला होता,
पाव वेढा अलीकडे,
आणि जिथं सरळ होईना तिथं
पाव वेढा पलीकडे रेटून;
त्यांची मुंडकी तुटून हातात आली,
आतून गुलाबी, ठिसूळ.
तिरप्यांवर गुणोनं मनगट लावलं,
मग खांदा, मग एक शिवी.
लाकूड जिथं पुरे म्हणालं
तिथंच थांबलेले.
"हे आसूं दी," म्हणाला,
आणि गार झालेली विडी परत पेटवली.

बाकीचे नवे घातले, म्हापशाहून, स्टीलचे.
सरळ खाचेचे मिळत नाहीत आता,
डोक्यावर फुली असते.
फुलीला रेष कसली.

दोन फळ्या बदलल्या. काजूच्या टरफलांचं तेल दोनदा पाजलं,
हाताचा वास अजून गेला नाही.
शिडाला बुरशीचे डाग आहेत, ते असू देत.
शुक्रवारी दहाला भरती.
पेटीच्या सांध्यातून एक थेंब अजून येतो.
एर्मेलिंदाबाईंना सांगितलेलं नाही.
बाकाखाली एक करवंटी ठेवली आहे.